लाल दोऱ्याचा भोपळा

सालींच्या बादलीत वरच पडला होता तो देठ. बोटभर लांब, वाळायला लागलेला, कंगोरेदार. आणि त्याच्याभोवती लाल दोरा अजून तसाच होता, वर दुहेरी गाठ मारलेला.

तिने तो उचलला, झटकला, पुन्हा पाहिला. गाठ तिचीच होती.

"हा कुणी कापला?"

लांब्या शेडच्या फरशीवर बादलीने पाणी ओतून खराट्याने मागे रेटत होता. त्याने मान वर केली. उंची इतकी, की शेडच्या छपराखाली तो कायम कुणाला तरी नमस्कार करत असल्यासारखा उभा राही.

"काय कापलं?"

"हा देठ."

"मीच. सगळ्यांचेच कापले आज. टोमॅटोला टोचतात. तूच ओरडली होतीस ना मागे?"

"आणि भोपळा?"

"कुठला भोपळा?"

"जिन्याखालच्या फळीवरचा. पोत्याखाली होता."

"हां, तो! अगं, बरं झालं दिसला. एका टोपलीला कमीच पडत होता. म्हटलं, देवानेच..." तिचा चेहरा पाहून तो थांबला. खराट्याच्या टोकाशी पाणी साचून राहिलं. "काय झालं?"

तिने देठ त्याच्यापुढे धरला. त्याने दोरा पाहिला आणि काही न कळूनही खराटा भिंतीला टेकवून ठेवला.

तिला सगळे आत्याची भाची म्हणत. शहरातून पदवी घेऊन, तिथली प्रयोगशाळेतली नोकरी सोडून ती इथे आली तेव्हा लोकांनी तिला दुसरं नाव द्यायची तसदीच घेतली नाही. घरांच्या रांगेमागची ही लांबट जमीन आत्याची. आयुष्यभर ती एकटीने कसली. आत्याच्या डोक्यात धुकं साचू लागलं तसे रोपांच्या जागी तण आणि तणाच्या जागी रोपं उपटली जाऊ लागली, आणि भाची सुट्टीला आली ती परत गेलीच नाही. मग लांब्या आला, गोदामातलं काम सुटल्यावर. मग बेकरीवाल्याच्या दोन मुली. चौघांनी मिळून वाट्याची पद्धत सुरू केली. हंगामभरासाठी कुटुंबांनी आपला वाटा धरायचा. शेत जे देईल ते सगळ्यांत सारखं. ज्याला पैसे देणं जमत नाही त्याने येऊन तण काढायचं.

सुरुवातीला टोपल्यांवर नावं होती. "तिच्या टोपलीत एवढा फ्लॉवर आणि माझ्यात हे बटण?" म्हणून एक बाई फ्लॉवर हातात घेऊनच शेडमध्ये आली होती. भाचीने त्याच संध्याकाळी सगळी नावं पुसली. तेव्हापासून टोपल्या शेडच्या पायऱ्यांवर मांडून ठेवायच्या, येणाऱ्याने हाताला येईल ती उचलायची. कुणी पैसे दिले, कुणी तण काढलं, हे पायरीवर कुणालाच कळत नसे. शेवटी उरतील त्या चार टोपल्या या चौघांच्या. आणि सगळ्यांत वर तिचा नियम: शेडमध्ये आलं ते सगळ्यांचं. चांगलंचुंगलं मागे काढून ठेवायचं नाही, स्वतःसाठी तर नाहीच. लांब्याने एकदा एक गोड गाजर खाल्लं तेव्हा ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नव्हती.

आता ती त्याच शेडमध्ये उभी राहून सांगत होती की तिने एक भोपळा मागे काढून ठेवला होता.

"आत्याचा आहे तो. म्हणजे, त्या जातीचा. निळसर साल, बघितलास ना? वर्षभर टिकतो घरात, काही न करता. तिच्या डब्यात बिया उरल्या होत्या त्या जुन्या झालेल्या. ओल्या फडक्यात घातल्या, तीन उगवल्या. दोन गोगलगायींनी खाल्ल्या. एक वेल राहिला."

"मग त्या वेलाला तर बरेच भोपळे लागलेत. आज वाटले ना आपण?"

"लागलेत. पण मधमाश्या पलीकडच्या मळ्यातून बाजारच्या भोपळ्याचे पराग घेऊन येतात. त्या भोपळ्यांची आई कळते, बाप कोण ते देव जाणे."

लांब्याला हसू आलं, ते त्याने गिळलं.

"या एकाचं मी केलं होतं. आदल्या संध्याकाळी कळ्या बांधल्या, पहाटे सोडल्या, नराचं फूल मादीच्या फुलावर फिरवलं, परत बांधलं. रोज करत होते. बाकीची सगळी गळली. हा एकच धरला, खुणेला त्याच्या देठाला दोरा बांधला. काल शेतात उंदराचे दात दिसले म्हणून आत आणून ठेवला."

"सांगायचं नाही का गं?"

तिने देठ खिशात टाकला. सांगितलं असतं तर नियमाला अपवाद आहे असं म्हणावं लागलं असतं, आणि अपवाद म्हटला की त्या गाजराचंही काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. त्यापेक्षा पोतं सोपं वाटलं. आज सकाळी आत्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून टोपल्या भरायला ती नव्हती. एवढंच घडलं होतं.

"कोणत्या टोपलीत घातलास?"

"मला काय माहीत? टोपल्यांवर नावं कुठं असतात," लांब्या म्हणाला, आणि मग फार हळू आवाजात, "आपल्या टोपल्यांवर."

दुपार कलली होती. उन्हाला त्या वेळी भोपळ्याच्या गराचाच रंग आला होता, आणि रस्ते असे शांत होते की सायकलच्या साखळीचा आवाज पुढच्या वळणावरून परत येई. उरलेल्या चार टोपल्यांत तो नव्हता, म्हणून त्यांनी गल्ल्या वाटून घेतल्या. डाव्या बाजूची घरं त्याची, उजव्या बाजूची तिची.

"ओळखायचा कसा?" त्याने विचारलं.

"देठाच्या खळीशी गोगलगायीने कुरतडलंय. चंद्रकोरीसारखं. भरून आलंय ते, पण दिसतं."

"म्हणजे सगळ्यांच्या घरी जाऊन त्यांचे भोपळे उलटेपालटे करायचे."

"हो."

"जावई बघायला निघाल्यासारखं," लांब्या म्हणाला आणि सायकलवर बसला.

पहिलं दार नर्सबाईंचं. रात्रपाळी करून त्या झोपल्या होत्या; केस मोकळे, गालावर उशीची घडी उमटलेली. त्यांनी दार उघडलं आणि काही न विचारता तिला आत घेतलं, जणू स्वप्नात कुणी आलं तर त्याला घरात घ्यायचंच असतं. भोपळा फ्रीजवर होता, घड्याळाच्या शेजारी.

"जनगणना चालू आहे का भोपळ्यांची?" त्यांनी जांभई देत विचारलं.

भाचीने तो फिरवून पाहिला. कोर नव्हती.

"हा नाही."

"नापास झाला बिचारा." नर्सबाईंनी त्याच्यावरून हात फिरवला. "कापवत नाही हो मला. कामावरून येते तेव्हा घरात कुणी नसतं. आता हा असेल."

पुढच्या घरात भोपळ्याने दार अडवून धरलं होतं. वारा फार येतो, घरची सून म्हणाली, आणि दगडापेक्षा हा बरा, पायाला लागत नाही. त्याच्या पुढच्या घरात तो पाळण्याखाली होता. थोरल्या मुलाने त्यावर कोळशाने मिशा काढल्या होत्या, आणि पाळण्यातलं बाळ त्या मिशांकडे एकटक बघत होतं. एका घरात तो शेजारणीला दिला होता, शेजारणीने बहिणीला, आणि बहीण नेमकी दारातच भेटली, पिशवीत भोपळा घेऊन परत येत असलेली. तिच्या नवऱ्याला भोपळा चालत नव्हता.

भाची घराघरातून जात राहिली. चार हंगाम ती या घरांसाठी पिकवत होती आणि एकाही स्वयंपाकघरात कधी आली नव्हती. टोपल्या पायरीवरून उचलल्या जात, रिकाम्या होऊन सालींसकट परत येत, आणि त्या सालींचं खत होई. मधलं सगळं तिने गृहीत धरलं होतं. आता ते मधलं एकेक दार उघडून तिच्यापुढे येत होतं. तिची भेंडी एका खिडकीत वर्तमानपत्रावर पसरलेली होती. तिची कोथिंबिरीची जुडी पेल्यात पाण्यात उभी होती, फुलदाणीतल्यासारखी. एका ओट्याखाली तिची तीन आठवड्यांची वांगी मऊ पडून होती आणि घरची बाई ती पदराने झाकायचा प्रयत्न करत होती. भाचीला वाटलं होतं, आपल्याला राग येईल. आला नाही. पाण्याखाली चालावं तसं सगळं सावकाश, गोलसर होऊन तिच्याजवळून सरकत होतं.

कोपऱ्यावर लांब्या भेटला. त्याच्या शर्टाला हळदीचा डाग होता.

"दोन कापलेले होते, पण ते आपले नव्हेत. साल पाहिली, कोर नव्हती. एका आजीने मला बसवून जेवायला घातलं, नाही म्हणता येईना. तुझं?"

"अजून नाही."

"समज, नाहीच मिळाला?"

"मग नाही."

"म्हणजे काय होतं नाही मिळाला तर? शास्त्रज्ञासारखं सांग."

तिने विचार केला. "शास्त्रज्ञासारखं, फारसं काही नाही. वेलावरच्या दुसऱ्या भोपळ्यांच्या बिया लावू. निम्मा आत्याचाच भोपळा असेल तो. साल कदाचित हिरवी होईल. कदाचित वर्षभर टिकणार नाही, चार महिने टिकेल."

"आणि शास्त्रज्ञासारखं नाही तर?"

तिने पायडलवर पाय ठेवला. "आत्या रोज विचारते," ती म्हणाली.

खरंच विचारायची. आत्याला आता भाची ओळखू येत नसे. ती तिला वहिनी म्हणे, भाचीच्या गेलेल्या आईला म्हणायची तसं. तारखा गेल्या, डोळ्यांचं औषध गेलं, नवरा कधी गेला तेही गेलं. पण सकाळी उठल्याबरोबर खाटेवर बसून ती विचारायची, "वहिनी, भोपळा धरला का गं?" आणि भाची रोज म्हणायची, "धरलाय, वन्सं." त्या एका प्रश्नापुरतं धुकं बाजूला होई. घरात भोपळा असला की पोर उपाशी झोपत नाही, एवढंच आत्याला माहीत होतं आणि एवढं तिला कधी विसरायला झालं नव्हतं.

रांगेतलं शेवटून दुसरं घर ड्रायव्हरकाकांचं. लांब पल्ल्याची बस चालवून ते निवृत्त झाले होते. बायको गेल्याला वर्ष होत आलं होतं. ते दर आठवड्याला न चुकता तण काढायला येत आणि ओळींमधून अशा शिस्तीने सरकत की वळताना हात बाहेर काढतील असं वाटे.

"ये, ये. आत ये. चप्पल राहू दे."

दाराशीच सालींची बादली होती, झाकण लावून. नियमाप्रमाणे. झाकणावर विळी ठेवलेली. तिने विळी बाजूला केली, झाकण उचललं. निळसर साली, लांब, सारख्या जाडीच्या, मन लावून काढलेल्या. तिने एक उचलली, दुसरी उचलली. तिसरीवर भरून आलेली, खडबडीत चंद्रकोर होती.

तिने ती साल परत ठेवली. झाकण लावलं. झाकणावर विळी ठेवली.

"काय बघतेस? चुकीचं काही टाकलं नाहीये मी," आतून काका म्हणाले. "प्लास्टिक वेगळं, साली वेगळ्या. ये ना."

स्वयंपाकघर लख्ख होतं. भांडी उंचीप्रमाणे लावलेली. कपाटाच्या दाराला तिनेच लिहून वाटलेला कागद चिकटवला होता; कडा तेलाने पारदर्शक झाल्या होत्या. भाजीतलं काही वाया घालवू नका. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे दांडे. शेवटच्या ओळीत: भोपळ्याच्या बिया फेकू नका, धुऊन भाजा.

"बस," काका म्हणाले. "बरं झालं आलीस. कुणाला तरी दाखवायचंच होतं."

त्यांनी ओट्यावरून वाटी उचलली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवली. बिया होत्या. फुगीर, कडेला तांबूस, वरून मीठ. अजून कोमट.

"तुझ्या कागदात लिहिलंय तसंच केलं. मंद आचेवर, हलवत राहायचं. मी तर गिअर बदलावा तसं हलवत होतो." ते हसले, मग हसू जरा बाजूला ठेवून म्हणाले, "पहिल्यांदाच माझ्या हातून काही करपलं नाही. वर्षभर करपलेलं खातोय. शेजारच्यांना वास जायचा, ते बिचारे बोलायचे नाहीत."

भाचीने वाटीकडे पाहिलं. प्रत्येक बीच्या आत एक इवलासा अंकुर दुमडून ठेवलेला असतो, दोन दळांच्या टोकाशी. किती उष्णतेला तो मरतो ते तिला ठाऊक होतं, आणि तवा त्याच्या कितीतरी पुढे जातो हेही. तरी तिची नजर ओट्यावर फिरली, मोरीकडे गेली, खाली फरशीवर गेली. एखादी घरंगळली असेल. एखादी गराला चिकटून राहिली असेल.

"सगळ्याच भाजल्या?" तिने विचारलं.

"सगळ्या!" काकांचा चेहरा उजळला. "एकही फेकली नाही बघ. गर चिवट असतो, सोडत नाही. बोटांनी एकेक सोडवली. ही असती तर म्हणाली असती, एवढा वेळ असतो होय तुम्हाला." त्यांनी वाटी पुढे सरकवली. "घे ना. बघत काय बसलीस?"

सांगता आलं असतं. एका वाक्यात सांगून झालं असतं. ते वाक्य तिच्या जिभेवर आलंही होतं, आणि तिथेच थांबलं, कारण काका तिच्या हाताकडे बघत होते. परीक्षेचा निकाल लागायचा असलेल्या मुलासारखे.

तिने एक बी उचलून तोंडात टाकली.

भाचीने हा भोपळा कधी खाल्ला नव्हता. पेरला होता, राखला होता, दोरा बांधला होता. चव तिला माहीतच नव्हती. बी दाताखाली फुटली. आधी मीठ, मग काहीतरी तुपासारखं, आणि त्याच्या मागून फार लांबून आल्यासारखा एक गोडवा.

"कशी झालीय?"

"काका," ती म्हणाली, "मस्त झालीय."

"खरं सांग हं."

"खरंच."

"आणि भाजी तर विचारूच नकोस. असा भोपळा मी आयुष्यात खाल्ला नाही. कुठला गं हा?"

"आत्याचा."

"वाटलंच," काका म्हणाले. त्यांनी कागदाची पुडी केली, अर्ध्याहून जास्त बिया तीत ओतल्या, वाटीत थोड्या ठेवल्या. "तिला दे. म्हणावं, बसवाल्याने केल्यात. पूर्वी माझ्या गाडीने यायची बाजारात, पुढच्या सीटवर बसायची. भोपळा मांडीवर."

बाहेर लांब्या सायकल धरून उभा होता. ऊन आता गल्लीच्या टोकाला जाऊन बसलं होतं.

"सापडला?"

"सापडला."

"मग? कुठंय?"

तिने पुडी उघडून त्याच्या तळव्यावर थोड्या बिया ओतल्या. त्याने सवयीने एक चावली. "वा," म्हणाला. दुसरी तोंडात टाकली, आणि मग त्याचा जबडा थांबला. तो तिच्याकडे बघत राहिला. बी गिळवेना आणि थुंकवेना.

"खा," ती म्हणाली. "चांगलीय."

"मी कापायला नको होता."

"कापायचाच होता. शेडमध्ये आला होता."

दोघं सायकली हातात धरून चालत राहिले. थोड्या वेळाने लांब्या म्हणाला, "पुढच्या वेळी सांगत जा. एक फळी वेगळी ठेवू. त्यावर ठेवलं ते बियाण्याचं. आणि कुणी विचारलं तर सांगू, हेही सगळ्यांचंच आहे, फक्त पुढच्या वर्षीचं."

"हे आधी नाही सुचलं मला."

"तू गाजरात अडकली होतीस," लांब्या म्हणाला.

आत्या अंगणात खाटेवर बसली होती. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा तिने डोक्यावर चढवला होता. भाचीने पुडी तिच्या ओंजळीत ठेवली. आत्याने एक बी बोटांत धरून पाहिली, दाबली, आणि पुढच्या उरलेल्या दातांनी हळूच फोडली.

"वहिनी."

"काय वन्सं?"

"आपलाच हा."

"हो."

"गोड झालाय." ती चघळत राहिली. मग अंगणापलीकडे, वेलाच्या दिशेने बघत म्हणाली, "धरला का गं भोपळा?"

रोजचं उत्तर भाचीच्या तोंडात तयार होतं. ते आज बाहेर पडेना. ती उठली. "चला, बघू," म्हणाली.

आत्याचा हात धरून तिने तिला बांधाबांधाने नेलं. वेल उतरणीला लागला होता. बुंध्याकडची पानं वाळून कागदासारखी झाली होती, मधल्या पानांवर पांढरी भुरी पडली होती. फक्त शेंड्याकडचा चार हात वेल अजून हिरवा होता. भाचीने पानं वर करून पाहिली. अगदी टोकाला एक मादी कळी होती, खाली वाटाण्याएवढा गोल भोपळा घेऊन. कळीचं टोक पिवळं पडलेलं, म्हणजे उद्या पहाटे उमलणारी. दोन पानं सोडून एक नर कळीही होती. थंडी सुरू झाली होती. भोपळा धरून, वाढून, आतली बी पक्की व्हायला जेवढे दिवस लागतात तेवढे या वेलाजवळ उरले नव्हते. तिने मनातल्या मनात हिशेब केला, पुन्हा केला; उत्तर तेच आलं.

खिशात देठ होता. तिने त्यावरचा लाल दोरा सोडवला. दाताने त्याचे दोन तुकडे केले. नर कळी बांधली. मग मादी कळीपाशी वाकली, पण अंधारून येत होतं आणि कळी बोटांतून निसटत होती.

"दे इकडे," आत्या म्हणाली.

ती मातीत बसली. चष्मा डोक्यावरच होता. तिने कळी बघितलीही नाही. नुसती चाचपली, पाकळ्यांची टोकं एकत्र मुडपली आणि दोरा फिरवला. दुहेरी गाठ मारली आणि बोट घालून ती जराशी सैल केली.

"फार आवळायची नाही, वहिनी," ती म्हणाली. "पहाटे सोडायची असते."

"बरं, वन्सं," भाची म्हणाली आणि वेलावर पाय पडू नये म्हणून तिच्या शेजारी अंग चोरून बसली.